जंगलाच्या गेटवरचा वर्षाचा पास, वापरल्यानंतरचा अनुभव

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या शहराबाहेरच्या जंगलाला गेट बसलं, तिकीट सुरू झालं, आणि मी लगेच वर्षाचा पास काढला. आता उन्हाळा सरत आलाय, म्हणजे पावसाळा, हिवाळा, उन्हाळा तिन्ही या पासवर निघाले, म्हणून सविस्तर लिहितोय. जागेचं नाव मुद्दाम टाकत नाही. गेटवर बसणारी पोरं शेजारच्या गावातली आहेत, रोजंदारीवर, आणि माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच.

रेट असा आहे बघा, माणशी २० रुपये, दुचाकीचे वेगळे २०, चारचाकीचे ५०, मोठा कॅमेरा असेल तर १००. वर्षाचा पास ६०० ला, पण तो फक्त सकाळी नऊपर्यंत फिरणाऱ्यांसाठी. संध्याकाळी बायकोमुलांना घेऊन गेलं की पास असूनही माझं तिकीट फाडतात, हे पास काढताना कुणी सांगत नाही.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. गेट नव्हतं तेव्हा रविवारी संध्याकाळी तिथे जायची सोय नव्हती, झाडाझाडाखाली बाटल्या, चूल मांडलेली, मटण शिजतंय, गाडीतला डेक फुल आवाजात. सोमवारी सकाळी चालायला गेलं की पायाखाली काचाच काचा. ते सगळं बंद झालं, अगदी पूर्ण. हिवाळ्यात भरीत पार्ट्यांवरून खूप वाद झाले, खान्देशी माणसाला थंडीत रानात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजू नको म्हणणं म्हणजे सोपी गोष्ट नाही भो, पण आत आग पेटवायची नाही हा नियम मला शंभर टक्के पटतो. आपलं जंगल पानगळीचं, सागाची आणि सालईची पानं होळीच्या सुमाराला कुरकुरीत होऊन पडलेली असतात, एक ठिणगी पुरते. भरीत शेतात करा, तिथे चवही जास्त लागते.

दुसरी बाटलीची पद्धत. प्लास्टिकची बाटली आत न्यायची तर ५० रुपये डिपॉझिट, बाटलीवर स्टिकर लावतात, येताना बाटली दाखवली की पैसे परत. पहिले लोकांनी लय कटकट केली, आता लोक घरूनच स्टीलची बाटली आणतात. वर्षभरातली सगळ्यात कामाची गोष्ट कोणती विचाराल तर हीच, आणि हिला तिकिटाचीही गरज नव्हती.

आता पैशाचं. मी ६०० भरायला कुरकुर केली नाही आणि पुढच्या वर्षीही करणार नाही, पण ते जातात कुठे हे मला गेटवर वाचायला मिळालं पाहिजे. पावतीवर रक्कम आहे, नंबर आहे, बाकी काही नाही. विचारलं तर उत्तर एकच, साहेब आम्हाला नाही माहीत, वर भरणा करतो. आत मात्र संडास बांधून कुलूप लावलेलं, कुलूप निघालं तेव्हा पाणी नव्हतं, आणि टाकीचा नळ मार्चमध्ये कोरडा पडला तो अजून तसाच आहे. आपल्याकडे पारा ४४ ला जातो, सकाळी आठलाच ऊन लागायला लागतं, तिथे तिकीट घेऊन माणसाला प्यायला पाणी नाही हे चालणार नाही. बायकांचं तर विचारूच नका, माझी बायको संडासामुळेच यायची बंद झाली.

फी घेणं बेकायदा आहे असं मी म्हणत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात शिरायला परवाना आणि त्याची फी हे आहेच, आपलं यावल, गौताळा ही सगळी अभयारण्यं त्यात येतात. प्रश्न फीच्या बदल्यात काय द्यायचं आणि कुणाकडून घ्यायची नाही हा आहे. अमेरिकेत यावर जोरदार भांडण झालं म्हणून तिकडचं सांगतो. तिथे १९९६ ला सरकारी जंगलांत, डोंगरांत प्रयोग म्हणून फी सुरू केली, लोक भडकले, मग २००४ ला कायदा झाला. त्यात सरळ लिहिलंय की साध्या फिरण्याच्या जागी फी लावायची तर तिथे नेमून दिलेलं पार्किंग, पक्का संडास, कचरापेटी, माहितीचा फलक, बसून खायला टेबलं आणि सुरक्षेची व्यवस्था, हे सहाही पाहिजेत. नुसती गाडी लावल्याचे किंवा सोयी न वापरता चालत गेल्याचे पैसे घ्यायचे नाहीत. आणि जमा झालेल्यातले साधारण किमान ८० टक्के त्याच जागेवर खर्चायचे. तरी ॲरिझोनातल्या एका डोंगरावर सरसकट फी घेत होते, तर चालणारे लोक कोर्टात गेले आणि २०१२ ला अपिलात जिंकले. आपल्याला त्यांची नक्कल करायची नाही, पण ही सहा गोष्टींची यादी गेटवर चिकटवली तरी पुष्कळ काम होईल. आमच्याकडे त्यातलं पार्किंग आहे, कचरापेट्या आहेत, फलकाच्या नावाखाली रेटबोर्ड आहे.

कुणाकडून घ्यायची नाही हे मला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दिसलं. आत टेकडीखाली एक म्हसोबा आहे, आजूबाजूच्या गावातले लोक आधीपासून नारळ घेऊन येतात. एक आजी, माहेरी आलेली लेक आणि तीन नातवंडं रिक्षातून उतरली. पोराने सांगितलं, माणशी वीस. आजीने लुगड्याच्या कनवटीतून घडी केलेल्या नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि म्हणाली, "देवले जावाले बी पैसा लागतस का रे भाऊ?" त्या पोराला काय बोलावं सुचेना, कारण त्याच्या घरचेही त्याच म्हसोबाला जातात. मी मध्ये पडलो, पाचही जणांना तसंच सोडलं, पण त्याने घाबरून मला विचारलं की दादा, कोणी तक्रार केली तर? म्हणजे चांगलं वागायलाही त्या पोराच्या हातात नियम नाही. पाटणादेवीसारख्या ठिकाणी देवी आणि जंगल एकाच जागी आहेत, तिथे भाविक कोण आणि पर्यटक कोण हे तिकीट फाडणाऱ्याने चेहरा बघून ठरवायचं का? मोळी आणणारी बाई, टेंभुर्णी आणि मोहफुलं वेचणारी पोरं, शेळ्यांमागे जाणारा म्हातारा, यांच्याकडून एक रुपया घ्यायचा नाही हे बोर्डावर ठळक लिहिलेलं पाहिजे. त्यांनी ते जंगल आपल्या आधी राखलंय. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने तर गावाच्या नियमांवर अख्खं जंगल उभं केलं, त्यासाठी चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली. गावाला विश्वासात घेतलं की जंगल वाढतं, आणि गावाकडूनच तिकीट मागितलं की गावातलाच माणूस रात्री तार कापून आत जातो. आमच्याकडे मागच्या बाजूची तार दोनदा कापली गेलीच.

एकूण पाचपैकी तीन. स्वच्छता आणि बाटल्यांसाठी पूर्ण मार्क, हिशेबाला शून्य, पाणी आणि संडास झाले तर मी स्वतः येऊन रेटिंग वाढवीन. वणव्याच्या दिवसांत जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढायला आणि राखणदारांच्या मजुरीला हा पैसा जातोय असं दाखवलं तर मी ६०० चे हजारही देईन.

पास काढणार असाल तर आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो न्या, सकाळी साडेआठच्या आत जा, नंतर पास देणारा माणूस गेटवर नसतो. फक्त सकाळचा पास आहे हे कार्डावर लिहून घ्या. क्यूआर कोड लावलाय पण रेंज नसते, सुट्टे ठेवा. आणि प्रत्येक वेळी पावती मागा, नंबर बघा, कारण दोनदा माझ्या हातात आधीच फाडलेली पावती आली आणि बोलल्यावर लगेच नवीन दिली.