खोलीवर डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉपलाच डॉक लावावा?

डॉक म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड, चार्जर एकाच वायरने लॅपटॉपला जोडणारा छोटा डबा. नांदेडला शिकताना माझ्याकडे डेस्कटॉप होता. लाइट गेली की यूपीएस टीं-टीं करायचा आणि सेव्ह करून बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटं मिळायची. लॅपटॉपवाला रूममेट तेवढ्यात पाय पसरून असाइनमेंट पूर्ण करायचा. डॉकला लावलेला मॉनिटर काळा पडला, तरी त्याचं काम चालूच!

पण पैशाचा हिशोब मांडला तर डेस्कटॉपच सरस. तेवढ्याच पैशात प्रोसेसर दमदार मिळतो. पुढे रॅम किंवा एसएसडी वाढवायची तर चार स्क्रू काढले की झालं. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर (डाग देऊन पक्की) केलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच १६ जीबी घ्या. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप तापतो, मग स्वतःच वेग कमी करतो. डेस्कटॉपला हवा खेळायला जागा असते, फक्त धूळ पुसत राहायची.

डॉक घेताना एक बघा: लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टवर मॉनिटरचा डिस्प्ले आणि लॅपटॉपचं चार्जिंग दोन्ही चालतं का? नुसत्या डेटाच्या पोर्टवर साध्या डॉकमधून मॉनिटर लागत नाही. दिवसभर चार्जिंगलाच राहणार असेल तर बॅटरीची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा.

दिवाळीला एसटीत सीपीयू मांडीवर घेऊन परभणी गाठलंय मी, कंडक्टरने दोनदा विचारलं, "टीव्ही हाय का?" व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंग नसेल तर मी आज लॅपटॉपच घेईन, आणि जुना मॉनिटर स्वस्तात शोधेन.