एका ड्रमवर दोन ड्राइव्ह: स्लिपवेच्या विंचवरचा सात महिन्यांचा अनुभव

दाभोळ खाडीच्या काठी आमचे बोटदुरुस्तीचे यार्ड आहे. स्लिपवेवरून, म्हणजे काठच्या उतारावरून, नौका पाण्यातून वर ओढणाऱ्या विंचच्या ड्रमला दोन्ही बाजूंनी एकेक गिअरबॉक्स आणि १५ किलोवॅटची एकेक मोटर आहे. पूर्वी या मोटरी स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालत आणि सुरू होताना असा हिसका देत, की ट्रॉलीवरची नौका हललेली डोळ्यांना दिसे. गेल्या नोव्हेंबरात दोन्ही मोटरींना स्वतंत्र व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणारे ड्राइव्ह, बसवले. १ जूनच्या मासेमारीबंदीआधीची मे महिन्यातली झुंबड या जोडीने पार पाडली, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

३० किलोवॅटच्या एकाच ड्राइव्हवर दोन्ही मोटरी जोडता आल्या असत्या. प्रत्येकीला वेगळा ओव्हरलोड रिले दिला की ते चालते. मात्र तो एक ड्राइव्ह बिघडला तर ऐन मोसमात सगळे यार्डच बसणार, म्हणून आम्ही दोन घेतले.

पॅनलवाल्याने दोन्ही ड्राइव्हना एकाच पोटेन्शिओमीटरवरून (वेग ठरवणाऱ्या नॉबवरून) सारखी फ्रिक्वेन्सी दिली आणि ‘दोघे सारखेच पळणार’ असे सांगून तो निघून गेला. मोकळा ड्रम छान फिरला. पहिला मोठा ट्रॉलर ओढायला घेतला तेव्हा मात्र उजवा ड्राइव्ह अर्ध्या उतारावर ओव्हरलोड दाखवून ट्रिप झाला. क्लॅम्प मीटर लावून पाहिले, तर डावीकडे २३ अँपिअर आणि उजवीकडे ३३. कारण मोटरींच्या पाट्यांवरच लिहिलेले होते. डावी मोटर जुनी, १४४० आरपीएमची. उजवी नवी आयई३ (जास्त कार्यक्षमतेच्या वर्गातली), १४६० ची. सिंक्रोनस वेग, म्हणजे फ्रिक्वेन्सीने ठरणारा वेग, १५०० धरला, तर पूर्ण भाराला एकीची स्लिप (भाराच्या प्रमाणात मोटर त्या वेगाच्या जितकी मागे पडते तो फरक) ६० आणि दुसरीची ४०. एकाच ड्रमला बांधलेल्या असल्याने दोघींना एकाच वेगाने फिरणे भाग आहे. तो वेग १४५२ वर स्थिरावला की दोघींची स्लिप ४८ होते, म्हणजे जुनी ८० टक्के भार उचलते आणि नवीवर १२० टक्के येतो. वेग सारखा ठेवल्यानेच भार असमान झाला, हे त्या गृहस्थांना फोनवर पटवून देण्यात माझी एक दुपार गेली.

त्यावर त्यांनी दोन्ही ड्राइव्हमधले स्लिप कॉम्पेन्सेशन सुरू करायला सांगितले, आणि दुखणे आणखी वाढले. ज्याच्यावर भार जास्त तो ड्राइव्ह भरपाई म्हणून फ्रिक्वेन्सी वाढवतो, म्हणून आणखी भार ओढून घेतो, आणि दुसरा तितकाच मोकळा होतो.

शेवटी मॅन्युअल घेऊन बसलो आणि मास्टर-फॉलोअर पद्धत लावली. डावा ड्राइव्ह (मास्टर) वेग सांभाळतो. त्याचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलने उजव्याकडे (फॉलोअरकडे) जातो आणि उजवा केवळ तेवढा टॉर्क देतो. शून्याऐवजी ४ पासून सुरुवात असल्यामुळे तार तुटली की ड्राइव्हला लगेच कळते. फॉलोअरला वेगाची मर्यादा घालणे विसरू नये. कपलिंग सुटले तर टॉर्कवर चालणारी मोटर भन्नाट पळते. एक ट्रिप झाला की दुसराही थांबावा आणि ब्रेक लागावा, ही इंटरलॉकची वायरिंगही आम्ही स्वतः केली. आता भरल्या ट्रॉलीला दोन्ही मीटरांत एक-दोन अँपिअरहून जास्त फरक दिसत नाही. शून्याजवळच्या वेगाला एन्कोडरशिवाय (मोटरचा वेग मोजणाऱ्या उपकरणाशिवाय) टॉर्कचा अंदाज भरवशाचा नसतो, त्यामुळे नौका उतारावर थांबवायची असेल तर ती ब्रेकवरच धरतो.

नौका पाण्यात सोडताना मोटरी उलट वीज निर्माण करतात. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर साधारण ५८५ असणारा डीसी बसचा (ड्राइव्हमधल्या एसीची डीसी केलेल्या भागाचा) व्होल्टेज तेव्हा भराभर चढतो. प्रत्येक ड्राइव्हला स्वतंत्र ब्रेकिंग रेझिस्टर (ती वीज उष्णतेत जिरवणारा) दिल्यापासून त्या कारणाने ट्रिप झालेला नाही. दोन्ही डीसी बस एकत्र जोडाव्यात असे कोणी सुचवले होते, पण आमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये तशी परवानगी नाही, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

खाऱ्या हवेचा त्रास अपेक्षेहून जास्त झाला. पॅनलला पंखा आणि जाळी होती. फेब्रुवारीत दार उघडले तर टर्मिनलांवर हिरवट थर आणि रिलेमागे पालीची अंडी. आता पॅनल पूर्ण बंद आहे, हीटसिंक मागच्या बाजूने बाहेर काढले आहेत आणि बंदीच्या काळात आत छोटा हीटर चालू ठेवतो. ड्राइव्ह घेताना संरक्षक कोटिंग केलेल्या सर्किट कार्डांचे मागून घ्यायला हवे होते, ही चूक माझी.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मास्टरचा कूलिंग पंखा अडकला. सिलेक्टर फिरवून उजव्याला एकट्याने वेगावर घेतले, डाव्या मोटरचा ब्रेक हाताने सोडून ठेवला आणि दोन दिवस फक्त लहान होड्या ओढल्या. मोठ्या ट्रॉलरांचे नाखवे तोवर खाडीत नांगर टाकून थांबले, आणि नवा पंखा चिपळूणहून एसटीने आला.