विंडोज ११ मधलं 'गो बॅक' बटण : डीटीपीवाल्याचा रिव्ह्यू

विंडोज ११ वरून परत विंडोज १० वर यायचं असेल तर लगेच फॉरमॅट मारायची गरज नाही, सिस्टिममध्येच 'गो बॅक' नावाचं बटण दिलेलं आहे आणि ते सांगतं तेच करतं. फाइली जागेवर राहतात, जुनी सॉफ्टवेअरं होती तशी परत येतात, लायसन्स टिकतं आणि एक रुपया लागत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापलाय तो मुदतीसाठी, त्यावर खाली सविस्तर लिहितो कारण आपल्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांना तोच मुद्दा सगळ्यात जास्त लागतो.

आमचं डीटीपी (कॉम्प्युटरवर टायपिंग आणि पानं लावणं) आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळीच्या आधी अंकांची पानं, असं सगळं जॉबवर्क. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे, डोंगलवर चालणारं, म्हणजे यूएसबीला ती छोटी कांडी लावलेली असेल तरच उघडतं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीये की या सॉफ्टवेअरचे फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीचे, नसतात. तोच मजकूर ते फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. आमच्याकडे कित्येक वर्षांच्या फाइली अशाच आहेत, आणि गिऱ्हाईक येतं ते "मागच्या वेळचीच पत्रिका काढा, फक्त नाव आणि तारीख बदला" असं म्हणत. त्यामुळे ते सॉफ्टवेअर बंद म्हणजे दुकान अर्धं बंद.

मशीन आठव्या पिढीच्या इंटेलचं, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे, सिक्युअर बूट चालू, म्हणजे विंडोज ११ ला जे जे लागतं ते सगळं होतं. अपग्रेड व्यवस्थित झाला, काही अडलं नाही. विंडोज ११ दिसायला चांगलं आहे, रोजचं बिलिंग, मेल, ब्राउझर सगळं छान चालत होतं, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण आली ती सकाळी ऑपरेटरने टायपिंग उघडल्यावर. "दादा, डोंगल घेत नाहीये हे." कांडीचा दिवा लागलेला, पण सॉफ्टवेअर म्हणतंय डोंगल सापडलं नाही. दुसऱ्या पोर्टला लावलं, मागच्या पोर्टला लावलं, ड्रायव्हर (विंडोजला डोंगल ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम) काढून परत टाकला, तेच.

हे का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण बरेच जण डोंगल खराब झालं समजून नवीन मागवायला निघतात. डोंगल खराब नसतं. डोंगलचा ड्रायव्हर हा विंडोजच्या अगदी आतल्या थरात चालतो. विंडोजच्या कोअर आयसोलेशनमध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची एक सोय आहे, ती त्या थरात चालणारा कोड तपासते आणि जुन्या पद्धतीने लिहिलेला ड्रायव्हर असेल तर तो लोडच होऊ देत नाही. ही सोय विंडोज १० मध्येही होती पण ११ मध्ये तिच्यावर जास्त भर आहे आणि बऱ्याच मशीनवर ती चालूच असते. सुरक्षेच्या दृष्टीने ती बरोबरच आहे, व्हायरसवाले असलेच जुने ड्रायव्हर वापरून आत घुसतात. ती बंद करून काहींचं डोंगल चालतं, आमचं तरीही चाललं नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला तर म्हणाले या व्हर्जनला ११ चा ड्रायव्हर मिळणार नाही, नवीन व्हर्जन घ्या. नवीन व्हर्जन घ्यायला हरकत नाही पण सीझनच्या मध्यात नाही, पत्रिकांचे प्रूफ गिऱ्हाईकाच्या हातात असताना नाही.

कॉम्प्युटर रिपेअरिंगवाल्याला विचारलं तर तो लगेच म्हणाला आणा, विंडोज १० मारून देतो, सी ड्राइव्ह जाईल तेवढा. आता सी ड्राइव्ह जाईल म्हणजे काय ते डीटीपीवाल्याला विचारा. शेकडो फॉन्ट, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग, प्रिंटरचे कलर प्रोफाइल, टायपिंग सॉफ्टवेअरचं इन्स्टॉलेशन, हे सगळं परत उभं करायला दिवसच्या दिवस जातात. म्हणून म्हणतो, कोणी फॉरमॅट मारायचं म्हटलं तरी आधी हे बटण बघा.

बटण कुठे आहे : सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात खाली रिकव्हरी, आणि तिथे 'गो बॅक'. दाबलं की आधी विचारतं का परत जाताय, कारणं दिलेली असतात त्यातलं निवडायचं. मग विचारतं की आधी अपडेट बघू का, कदाचित तुमची अडचण सुटेल, तिथे 'नो थँक्स' करायचं. मग एक स्क्रीन येते ती मात्र घाईघाईत नेक्स्ट नेक्स्ट न करता नीट वाचा. त्यात लिहिलंय की ११ वर गेल्यानंतर जे प्रोग्रॅम टाकले असतील ते जातील आणि सेटिंगमध्ये जे बदल केले असतील तेही जातील. पुढची स्क्रीन पासवर्डची, की आधीच्या विंडोजमध्ये जो पासवर्ड होता तो लक्षात आहे ना, कारण परत गेल्यावर तोच लागणार. ज्यांनी अपग्रेडनंतर पासवर्ड बदललाय त्यांनी इथे थांबून जुना आठवून घ्या, आठवत नसेल तर पुढे जाऊ नका. आणि मग शेवटचं बटण. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर, कारण मध्येच लाइट गेली तर त्या अवस्थेत मशीन अडकू शकतं.

मशीन रिस्टार्ट होतं, काळ्या स्क्रीनवर मागची विंडोज परत आणतोय असा मजकूर आणि गोल फिरणारे ठिपके. आमच्याकडे एसएसडी आहे त्यामुळे चहा पिऊन होईपर्यंत काम झालं, साध्या हार्ड डिस्कवर बराच जास्त वेळ लागतो, तेव्हा दुकान बंद करताना लावलेलं बरं. उघडलं तर तोच जुना डेस्कटॉप, तीच खालची पट्टी, फॉन्टच्या यादीत सगळे फॉन्ट. ऑपरेटरने टायपिंग उघडलं, डोंगल लगेच घेतलं, अर्धवट राहिलेली पत्रिका उघडली आणि वेलांट्या-रफारांसकट अक्षर न अक्षर जागेवर. ११ वर असताना डेस्कटॉपवर सेव्ह केलेली बिलं, पीडीएफ तीसुद्धा होती. हे मला सगळ्यात आवडलं, कारण मला वाटलं होतं मधल्या काळातलं काम जाईल. तरी बॅकअप घेऊनच करा, मी बाहेरच्या डिस्कवर सगळं घेतलं होतं आणि ते प्रत्येकाने घ्यावंच.

हे होतं कसं तर अपग्रेड करताना विंडोज जुनी सिस्टिम टाकून देत नाही, सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. परत जाताना तेच फोल्डर उचलून जागेवर बसवते. म्हणून ते फोल्डर आहे तोपर्यंतच बटण चालतं. आणि इथेच लोक फसतात. ते फोल्डर सहज दहा-वीस जीबी खातं, सी ड्राइव्ह लाल झाला की माणूस डिस्क क्लीनअप चालवतो, त्यात 'प्रिव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' अशी एक ओळ असते, तिच्यासमोर भलामोठा आकडा दिसतो, टिक करतो आणि उडवतो. संपलं, मग बटण काम करत नाही. तुमचा पोरगा, भाचा किंवा रिपेअरवाला मशीन 'साफ' करून देतो म्हणाला तर या ओळीला हात लावू नको असं आधी सांगा. अजून एक, अपग्रेडनंतर मशीनवर नवीन युजर अकाउंट बनवलं असेल तर परत जाताना ते आधी काढायला सांगतं. दुकानात नवीन मुलगा लागला म्हणून त्याचं वेगळं अकाउंट काढलं असेल तर त्यातलं काम आधी दुसरीकडे घ्या.

आता मुदत. हे बटण अपग्रेडपासून फक्त १० दिवस चालतं. त्यानंतर विंडोज स्वतःच ते जुनं फोल्डर काढून टाकते. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हा हीच मुदत ३० दिवस होती, २०१६ च्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटमध्ये ती १० वर आणली. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं की परत जाणारे बहुतेक लोक पहिल्या काही दिवसांतच जातात, मग डिस्कची जागा कशाला अडवायची. घरी पिक्चर बघणाऱ्या, मेल करणाऱ्या माणसाचं हे बरोबर असेल, पण धंद्याचं चक्र महिन्याचं असतं हो. जीएसटीचं जीएसटीआर-१ रिटर्न भरायचं ११ तारखेला, ३बी रिटर्न २० तारखेला, पगारपत्रकं महिनाअखेरीला, टेंडर भरायचं ते जेव्हा निघेल तेव्हा. टेंडर आणि रिटर्नवाल्यांच्या डिजिटल सिग्नेचरच्या टोकनलाही (सहीची यूएसबी कांडी) असाच ड्रायव्हर लागतो आणि ते टोकन माणूस रोज लावत नाही. समजा कोणी २१ तारखेला अपग्रेड केला आणि पुढच्या ११ तारखेला टोकन लावलं, तेव्हा कळणार चालत नाही, पण तोवर परतीचा रस्ता बंद. आमचं काम रोज डोंगलवर चालतं म्हणून आम्हाला लगेच कळलं. सीए ऑफिस, ठेकेदार, सायबर कॅफेवाले यांना ते कळेपर्यंत १० दिवस होऊन गेलेले असणार. ३० दिवस होते ते ३० च ठेवायला हवे होते, निदान १० दिवस संपत आले की स्क्रीनवर ठळक सूचना यायला हवी. एक स्टार त्यासाठी कापलाय आणि तो कापणं मला योग्यच वाटतं.

यावर उपाय आहे आणि तो फार कमी लोकांना माहितीये. ही मुदत आपल्याला वाढवता येते, ६० दिवसांपर्यंत. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि डिसम नावाची कमांड चालवायची, त्यात 'सेट ओएस अनइन्स्टॉल विंडो' असा पर्याय आहे आणि पुढे व्हॅल्यू ६० द्यायची. पूर्ण कमांड मायक्रोसॉफ्टच्या साइटवर दिलेली आहे, तिथूनच कॉपी करा, हाताने टाइप करताना स्पेस चुकते. पण हे पहिल्या १० दिवसांच्या आतच करावं लागतं, फोल्डर उडून गेल्यावर कमांडचा काही उपयोग नाही. मी तर म्हणेन अपग्रेड झाला की मशीनवर सगळ्यात पहिलं काम हेच करा, वॉलपेपर नंतर लावा. आणि त्याच दिवशी दुकानातली प्रत्येक वस्तू एकेक लावून बघा, डोंगल, टोकन, बारकोडचं मशीन, जुना स्कॅनर, पासबुक प्रिंटर, जे जे असेल ते.

मुदत गेलीच असेल तर मग मात्र कोरं इन्स्टॉलेशन करावं लागतं, पेनड्राइव्हवर विंडोज १० घेऊन. त्यात सगळं नव्याने टाकायचं. लायसन्सची काळजी करू नका, त्या मशीनवर आधी खरं विंडोज १० अ‍ॅक्टिव्हेट झालेलं असेल तर डिजिटल लायसन्स हार्डवेअरशी जोडलेलं असतं, 'प्रॉडक्ट की नाही' असं निवडून पुढे जायचं, नेट लागलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. कोणी त्यासाठी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. ज्यांच्याकडे ३२ बिटचं विंडोज १० होतं त्यांना हे बटण कधी मिळणारच नाही कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, तिथे ३२ वरून थेट अपग्रेड होत नाही, नव्यानेच टाकावं लागतं.

परत आल्यावर दोन गोष्टी केल्या. विंडोज अपडेटच्या पानावर ११ चं बोलावणं पुन्हा दिसतं, तिथे खाली 'स्टे ऑन विंडोज १० फॉर नाऊ' असं बारीक अक्षरात असतं ते दाबलं, आणि ऑपरेटरलाही दाखवून ठेवलं म्हणजे कोणी चुकून मोठं निळं बटण दाबायला नको. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे परत येणारा माणूस अशा सिस्टिमवर येतोय जिला आता नेहमीचे सुरक्षा अपडेट येत नाहीत. त्यासाठी ईएसयू म्हणून जादा अपडेटची योजना आहे, घरगुती मशीनसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट. मशीनवर विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती मात्र असायला हवी. कंपनीच्या डोमेनवर (कंपनीच्या सर्व्हरवरून चालवल्या जाणाऱ्या नेटवर्कवर) असलेल्या मशीनला ही योजना चालत नाही, त्यांची वेगळी आणि महाग आहे.

आम्ही ईएसयू घेतलंय. डोंगलवालं मशीन आता फक्त टायपिंग आणि कोरलसाठी ठेवलंय, त्यावर बँकिंग नाही, मेल नाही, गिऱ्हाईकाचा पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर स्कॅन होतो मगच तिकडे जातो. दुसऱ्या मशीनवर विंडोज ११ आहे आणि ते उत्तम चालतंय. पावसाळ्यात काम कमी असतं तेव्हा जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलायला घेणार आहोत, नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या पत्रिका आणि अहवाल आधी.