एकाला म्हणे ‘नवं करा’, दुसऱ्याला म्हणे ‘अस्सल घ्या’: जुन्या पिनबॉल मशीनच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

जुनं पिनबॉल मशीन (उतरत्या फळीवर धातूचा चेंडू उडवत गुण मिळवायचा खेळ) घरात असेल आणि ते दुरुस्तीला द्यायचा विचार चालला असेल, तर आधी हे वाचा. माझं मशीन चालू होऊन परत आलं, चकचकीत होऊन आलं, आणि त्यातली सगळ्यात मोलाची वस्तू गमावून आलं. ज्याने ती लंपास केली त्याने शेवटपर्यंत एकच सूर लावला: “मी तर तुमचं मशीन सुधारून दिलं!”

मशीन गॉटलीब कंपनीचं, शिकागोत बनलेलं, १९६० च्या दशकातलं, एका वेळी एकानेच खेळायचं. वरची पेटी खाली निमुळती होत जाते, म्हणून जाणकार या घडणीला ‘वेजहेड’ म्हणतात. त्यात चिप नाही, बोर्ड नाही. गुण मोजणं, चेंडू मोजणं, बक्षिसाचा खेळ देणं, सगळं काम रिले (विजेवर चालणारे स्विच), कॉइल (वीज आली की चुंबक होणारी तारेची गुंडाळी) आणि खटकन पुढे सरकणारे आकड्यांचे रील करतात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपन्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांकडे वळल्या आणि ही जात बनायची थांबली. त्यामुळे अशा मशीनचा मोडलेला भाग शोधत फिरावं लागतं, आणि शाबूत भागावर पुष्कळांचा डोळा असतो.

बिघाड किरकोळ होता. दहाचा रील नऊवरून शून्यावर आला की शंभराचा रील एक घर पुढे जायला हवा. तो मधूनच अडायचा. रीलच्या मागे धातूच्या पातळ पट्ट्यांची जोडी असते. रील नऊवर असताना त्या पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि पुढच्या रीलला वीज मिळायची वाट तयार होते. टोकांवर काजळी धरली किंवा पट्टी किंचित वाकली, की हातचा पुढे पोचत नाही. बारीक कानस, थोडा धीर आणि नेमका हात एवढ्यावर भागणारं हे काम. मला तो हात नाही, म्हणून मी ते जाणत्या माणसाकडे दिलं. दोन संग्राहकांनी त्याचं नाव सुचवलं होतं आणि त्याने दुरुस्त केलेली मशीनं मी स्वतः खेळून पाहिली होती.

मशीन बघताक्षणी तो बिघाडावर बोललाच नाही. आधी बॅकग्लासकडे गेला. बॅकग्लास म्हणजे वरच्या पेटीवरची चित्राची काच. हे चित्र काचेच्या मागच्या बाजूने छापलेलं असतं आणि त्याच्या मागे दिवे असतात. वर्षानुवर्षं दिव्यांची धग खाऊन रंग सुटतो, पापुद्रे निघतात. माझ्या काचेचा एक कोपरा सुटला होता, बाकी रंग घट्ट होता. त्याने काचेवर नख वाजवलं आणि म्हणाला, “ताई, ही गेल्यात जमा आहे. हिला धरून बसू नका. नवी छापलेली टाकतो, सोबत रिले बँक (रिलेंचा संच) बदलतो, प्लेफिल्डवर (चेंडू फिरतो त्या फळीवर) क्लिअर कोट (पारदर्शक लेप) मारतो. मशीन खेळायला असतं, म्युझियमला नसतं.”

हे शेवटचं वाक्य त्याने किती सराईतपणे टाकलं, ते मला आजही आठवतं. कारण ते सरसकट खोटं नाही. हौशी लोकांत हा वाद जुनाच आहे आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं आहेत. मी त्याला स्पष्ट सांगितलं: काच बदलायची नाही, क्लिअर कोट नको, फक्त रील आणि घाण झालेले संपर्क साफ करायचे, एखादा भाग काढावाच लागला तर काढलेला भाग मला परत हवा. हे कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. मशीन न्यायच्या आधी मी सगळ्या बाजूंचे फोटो काढले, काचेचे पुढून आणि मागून दोन्हीकडून. पुढे जे काही हाती लागलं ते या दोन गोष्टींमुळे.

मशीन आलं तेव्हा दिवे लावल्यावर काच झगझगीत दिसली. सुटलेला कोपरा भरलेला. “थोडा रंग भरला,” तो म्हणाला. मी भिंग घेतलं. त्या काळी या काचांवर प्रत्येक रंग स्वतंत्र जाळीतून, एकावर एक छापत. भिंगाखाली असा रंग सपाट, सलग दिसतो, आणि दोन रंग भेटतात तिथे एक दुसऱ्यावर किंचित चढलेला असतो. माझ्यासमोरच्या काचेत चित्रातल्या मुलीच्या गालावर निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके होते. कुठल्याही मासिकाच्या पानावर दिसतात तसे. जुनी काच स्कॅन करून प्रिंटरवर काढलेली ही छपाई होती. मागची बाजू बघितली तर दिव्यांच्या धगीची एक खूण नाही, एक ओरखडा नाही. इतकी वर्षं दिव्यांसमोर उभी राहिलेली काच मागून अशी कोरी असूच शकत नाही.

मग प्लेफिल्ड. त्यावर क्लिअर कोट मारलेला होता, लेखी नकार असूनही. आणि तोही न पुसता. बंपरभोवती (चेंडूला झटका देणाऱ्या गोल खुंट्यांभोवती) चेंडू फिरून फिरून पडलेली काळी वलयं जशीच्या तशी वार्निशाखाली बंद झालेली. हा गाड्यांना मारतात तसला दोन घटकांचा लेप असतो. एकदा वाळला की खालच्या छापील रंगाला धक्का न लावता तो निघत नाही. मुळात या लेपाला माझा विरोध नाही. लाकूड उघडं पडलेलं असेल, आधी नीट साफसफाई करून, वर आलेली किंवा खाली बसलेली प्लास्टिकची इन्सर्ट्स (फळीत बसवलेल्या, खालून उजळणाऱ्या चकत्या) पातळीत आणून कोणी तो मारला, तर त्या मशीनचं आयुष्य वाढतं. पण माझ्या प्लेफिल्डला गरज होती ती पुसण्याची आणि मेणाची.

सगळ्यात उघडं पडलं ते काढलेल्या भागांच्या खोक्यात. ‘तुमचे जुने भाग’ म्हणून त्याने एक खोकं दिलं होतं. आत जळकट रिले, तुटके रील आणि काही कॉइल. एका कॉइलच्या वेष्टनावर ‘जी-२३-७५०’ लिहिलेलं. २३ म्हणजे तारेचं गेज, ७५० म्हणजे वेढे. नंबर लिहायची ही पद्धत विल्यम्स या दुसऱ्या कंपनीची, गॉटलीबच्या कॉइलवर असा नंबर येत नाही. म्हणजे खोक्यातला माल माझ्या मशीनचा नव्हताच. माझे चांगले रील आणि रिले त्याने ठेवून घेतले होते, मशीनमध्ये दुसरीकडचे झिजलेले बसवले होते, आणि खोकं भंगारातून भरलं होतं. अडणारा हातचा मात्र त्याने खरंच दुरुस्त केला होता. मशीन खेळायला लागलं की माणूस आत डोकावत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असावं.

फोन केला तर म्हणाला, मूळ काच नेताना फुटली, मला वाईट वाटू नये म्हणून नवी बसवली. फुटलेले तुकडे मागितले, तर ते टाकून दिले म्हणे. पुढे एका संग्राहकाने मला एका विक्रीच्या जाहिरातीतले फोटो दाखवले: ‘मूळ बॅकग्लास, पुनर्छपाई नाही, अत्यंत दुर्मीळ.’ काचेचा तोच कोपरा सुटलेला. पापुद्र्याची कड, तिच्या आतलं रंगाचं सुटं बेट, सगळं माझ्या फोटोशी रेषेला रेष जुळत होतं. विकणारा हाच माणूस. आणि खाली त्याने लिहिलं होतं की, नव्या छपाईला जुन्या काचेची सर कधीच येत नाही, खऱ्या रसिकाने मूळच घ्यावी.

माझी काच गेल्यात जमा, हे म्हणणारा आणि हे लिहिणारा माणूस एकच.

यासाठीच मी हे लिहायला बसले. ज्याच्याकडे मूळ भाग आहेत त्याला हे लोक ‘बदला’ सांगतात आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला ‘जपा’ सांगतात. बदल की जतन, हा हौशी लोकांचा खरा प्रश्न. यांनी त्याचा खरेदी-विक्रीचा भाव करून ठेवला आहे. तुमच्यासमोर जुन्या काचेची किंमत शून्य करायची, ती फुकटात उचलायची, आणि दाराबाहेर पडल्यावर तिचे गोडवे गायचे.

बदलाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशीही मी सहमत नाही. पिनबॉल मशीन जन्मापासून बदलत आली आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवी मशीनं बनवणं बंद झालं, तेव्हा जुन्या मशीनना नवं चित्र, नवी काच, नवं नाव देऊन पुन्हा बाजारात आणलं जायचं. फ्लिपर, म्हणजे चेंडू परत वर मारणारे दांडे, तरी कुठे सुरुवातीपासून होते? ते आले १९४७ साली, गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त. काही बदल तर करायलाच हवेत. जुन्या मशीनना बरेचदा दोनच तारांची वायर असते. तिथे अर्थिंगची तिसरी तार घालणं हा जिवाचा प्रश्न आहे. कोणीतरी कधीतरी घातलेला जास्त अँपिअरचा फ्यूज काढून योग्य मापाचा घालणं, हेही तसंच. काचेमागे ४४ नंबरच्या बल्बऐवजी ४७ नंबरचा लावला तर विजेचा प्रवाह २५० मिलिअँपिअरवरून १५० वर येतो, धग कमी होते आणि रंग टिकतो. एलईडी लावले तर त्याहून कमी. यातलं काहीही वाटेल तेव्हा मागे फिरवता येतं. नंतरच्या, बोर्डवाल्या मशीनमध्ये तर मूळ बॅटरी ठेवणंच घातक. ती पाझरते आणि बोर्डावरचं तांबं खाऊन टाकते. ती काढा, हवं तर नवा बोर्ड बसवा, आणि जुना बोर्ड गुंडाळून पेटीतच ठेवा.

माझी कसोटी दोन प्रश्नांची आहे. हा बदल उद्या उलटवता येईल का? आणि काढलेली वस्तू कुठे जाणार? पहिल्या प्रश्नावर दुरुस्ती करणारे तासन्‌तास बोलतील. दुसरा विचारला की जो बगल देतो, त्याच्या हाती मशीन देऊ नका. “कचऱ्यात टाकतो” हे उत्तर ऐकलं तर म्हणा, तो कचरा मला द्या.

देण्याआधी काचेचे मागून फोटो काढाच. पुढून काढलेल्या फोटोत पुनर्छपाई लपून जाते, पण मागचे पापुद्रे आणि ओरखडे बोटांच्या ठशासारखे असतात. रील आणि रिलेच्या धातूवर, सहज दिसणार नाही अशा जागी, बारीक खूण करून ठेवा. पेटीच्या लाकडात ठोकलेला सीरियल नंबर टिपून घ्या. काच तर दुरुस्तीला पाठवायचीच नाही. ती घरी काढून उभी ठेवा. रीलच्या कामाला तिची गरज पडत नाही. एखादा ‘काचेशिवाय जमणार नाही’ म्हणाला, तर त्याच्या नजरेत काय आहे हे तुम्हाला कळलंच.

काच घेणाऱ्याशी मी बोलले. त्याने रीतसर पैसे मोजून, मूळ म्हणून घेतली होती आणि ती मूळच होती. त्याची चूक नाही. काच परत द्यायला तो तयार नाही, पण ती कोणाकडून घेतली हे त्याने लिहून दिलं. ते पत्र, सह्यांचा कागद आणि फोटो समोर ठेवल्यावर त्या माणसाने दुरुस्तीचे पैसे मुकाट्याने परत केले. रील आणि रिले मात्र दिले नाहीत. त्यासाठी तक्रार केली आहे, ती चालू आहे.

मशीनच्या पेटीत, दार उघडल्यावर समोरच दिसेल अशी एक यादी मी चिकटवली आहे. बॅकग्लास: पुनर्छपाई, मूळ नाही. प्लेफिल्ड: मूळ, वर क्लिअर कोट, न पुसता मारलेला. रील आणि काही रिले: दुसऱ्या मशीनचे. कधी विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला आधी ही यादी वाचायला देईन, किमतीचं नंतर बोलू.