आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी घेतलेला रासायनिक अभिक्रियांचा प्रयोगसंच

आमच्या शाळेत स्वतंत्र प्रयोगशाळा नाही. त्यामुळे वर्गातच प्रयोग करता यावेत म्हणून यंदा सुमारे अडीच हजार रुपयांचा एक तयार संच मागवला आणि चाळीस मुलांचे आठ गट करून तो पूर्ण सत्रभर वापरला.

परीक्षानळ्या जाड काचेच्या आहेत आणि एकही तडकली नाही. खाण्याचा सोडा व सायट्रिक आम्ल यांचा प्रयोग सर्वांत उत्तम झाला: पाण्यात दोन्ही मिसळताच फेस आला, तापमापीतला पारा नव्हे तर लाल अल्कोहोल चारपाच अंश खाली उतरले, आणि अभिक्रिया म्हटली की उष्णता बाहेर पडणारच, हा मुलांचा समज तिथल्या तिथे दूर झाला.

मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेट या तांब्याच्या क्षाराच्या, द्रावणात लोखंडी खिळा बुडवण्याचा प्रयोग मात्र फसला, आणि त्याचे कारण सांगणे मला फार महत्त्वाचे वाटते. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते तांब्याला विस्थापित करते, खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि निळे द्रावण हळूहळू फिके हिरवट होते. आमच्याकडे निळा रंग उतरला, परंतु हिरवट छटा आली नाही आणि खिळ्यावर काळपट, भुसभुशीत थर जमला. तरीही बहुतेक गटांनी पुस्तकात आहे म्हणून वहीत ‘हिरवट’ असेच लिहिले; एका मुलीने मात्र जे दिसले तेच लिहिले, आणि तिच्यामुळेच मी खिळे नीट तपासले. त्यांवर जस्ताचा मुलामा होता. म्हणजे विस्थापन लोखंडाने नव्हे, जस्ताने केले होते, आणि झिंक सल्फेटचे द्रावण रंगहीन असते. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून साधे खिळे आणून, पॉलिश पेपरने घासून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा वीस मिनिटांत तांबूस थर स्पष्ट दिसला.

मॅग्नेशियमची फीत ठीक आहे, फक्त जाळण्यापूर्वी तीही घासावी लागते. चुन्याच्या निवळीच्या बाटलीचे झाकण सैल असल्याने ती आधीच दुधाळ झाली होती. पानाचा चुना रात्रभर पाण्यात ठेवून वरची निवळी घेतल्यास काम भागते.

माझा खरा आक्षेप लेड नायट्रेटच्या बाटलीला आहे. पोटॅशियम आयोडाइडसोबत त्याचा पिवळाधमक अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, सुंदर दिसतो, हे मान्य. पण शिशाची संयुगे विषारी असतात, उरलेले द्रावण मोरीत ओतता येत नाही, आणि माहितीपत्रकात याविषयी एक शब्दही नाही. अवक्षेप दाखवायला मोरचुदाच्या द्रावणात थोडा धुण्याचा सोडा पुरतो. निळसर हिरवा साका लगेच तळाशी बसू लागतो. तोही हाताळताना काळजी घ्यावीच लागते, मात्र शिशाचा धोका टळतो. विक्रेत्याने ही बाटली वगळून त्या पैशांत सुरक्षा चष्म्यांची संख्या वाढवावी, कारण चाळीस मुलांमागे संचात एकच चष्मा आहे.