यलो झिंक: भोसरीत टाकावं की गॅलरीत करावं?

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी खोलली की डबाभर नट-बोल्ट, बिजागऱ्या आणि गिअर लिंकेजच्या कांड्या हातात येतात. ब्रॅकेटना पावडर कोटिंग चालतं. आट्यांवर मात्र 60-80 मायक्रॉनचा थर बसला की नट चढतच नाही. यलो झिंक म्हणजे विजेने चढवलेला जस्ताचा पिवळसर मुलामा. त्याचा थर 8-10 मायक्रॉनचा, त्यामुळे तेच करायचं. भोसरीच्या प्लेटिंगवाल्याकडे की घरी, एवढाच प्रश्न.

फिनिश बघाल तर भोसरीचं उजवं, हे मान्य. पाण्यावर पेट्रोल पडल्यासारखी ती पिवळी-गुलाबी झाक घरी मला अजून साधलेली नाही. तिथून करून आणलेल्या बॉनेटखालच्या क्लिपा तीन पावसाळे काढून तशाच आहेत. दर किलोवर, पण माल थोडा असला तरी किमान आकार द्यावा लागतो, म्हणून मी अख्ख्या गाडीचा माल साठवून नेला. मोजून 140 नग दिले. तो सगळ्यांच्या मालाबरोबर बॅरलमध्ये, म्हणजे फिरत्या पिंपात, फिरला. परत आला तेव्हा दोन स्क्रू माझे नव्हते आणि डाव्या दाराच्या स्ट्रायकरचा एक स्क्रू गायब. "साहेब, वजन बरोबर आहे ना?" यावर काय बोलणार! त्या एका स्क्रूसाठी तीन रविवार जुन्या बाजारात घातले.

तेव्हापासून श्रीखंडाचा रिकामा डबा, व्हिनेगर, एप्सम सॉल्ट, जस्ताची पट्टी आणि तापकीर गल्लीतून आणलेला पॉवर सप्लाय. खरं काम घासण्याचं. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे झिंक धरत नाही. घाईने करंट वाढवला की थर काळा, भुसभुशीत येतो. पोकळ भागात आत फारसं पोचत नाही. पॅसिव्हेशन, म्हणजे झिंकवर शेवटी द्यायचा रासायनिक संरक्षक थर, टाळलंत तर पुण्याच्या पावसात लवकरच पांढरी पूड दिसेल. आणि गंज काढायच्या अ‍ॅसिडचा डबा पान्यांजवळ ठेवू नका. नुसत्या वाफेने माझा अख्खा स्पॅनर सेट एका रात्रीत तांबूस झाला.

स्प्रिंगा आणि 10.9 किंवा त्यावरच्या ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट मी घरी करत नाही. अ‍ॅसिड आणि प्लेटिंगमधून पोलादात हायड्रोजन शिरतो, बोल्ट ठिसूळ होतो. नंतर लगेच 200 अंशांच्या आसपास काही तास भाजावा लागतो. भोसरीतही हे मुद्दाम सांगावं लागतं.

ज्याचा माल पोतंभर आणि साधा, त्याने भोसरी गाठावी. माझ्यासारख्याला, ज्याचा प्रत्येक स्क्रू वेगळा, बहुधा गॅलरीच बरी. हँडब्रेकची कांडी तेवढी डब्यात मावत नाही. ती भोसरीलाच जाईल, पण बॅरलमध्ये नाही, तारेला टांगून.