उंच बीबी की खालचा? २६ इंची ट्रायल्स फ्रेम निवडताना

ट्रायल्स म्हणजे पाय न टेकता अडथळ्यांवरून सायकल नेण्याचा खेळ. त्याची पहिली सायकल मिळेल ती असते. दुसरी घेताना मात्र माणूस भूमितीचे तक्ते उघडून बसतो, आणि बहुतेकांची नजर सगळ्यात आधी चेनस्टेवर, म्हणजे पेडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतच्या नळीच्या लांबीवर, जाते. माझ्या मते ती आधी बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पेडलचे दांडे जिथे फिरतात तो फ्रेमचा भाग) उंचीवर जायला हवी.

मी दोन २६ इंची फ्रेम पाठोपाठ चालवल्या. पहिली जुन्या वळणाची, तिचा बीबी दोन्ही चाकांचे आस जोडणाऱ्या रेषेपासून जेमतेम १५ मिमी वर. दुसरी आताच्या स्पर्धांच्या मापाची, बीबी ८० मिमी वर. चेनस्टे दोघींची ३८० मिमीच्या आसपास, हेड अँगलमध्येही (पुढच्या नळीचा कल) सांगण्यासारखा फरक नाही. व्हीलबेस, म्हणजे दोन्ही आसांमधलं अंतर, नवीचं थोडं लांब आहे, पण मला जाणवला तो बीबीच. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला २६ इंची फ्रेमचे बीबी आसाच्या जवळपासच असत. पुढे स्पर्धेतले अडथळे उंच होत गेले तसे तेही चढत गेले. आज सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळणाऱ्या फ्रेम बऱ्याचदा त्या आधीच्या काळातल्या असतात, म्हणून हा प्रश्न अजून येतो.

जुनीबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. दोन्ही चाकं जमिनीवर असताना ती फार शांत असते. पाय खाली, वजन खाली, त्यामुळे जागेवर तोल धरून पुढची वाट बघत उभं राहणं सोपं जातं. उतारावर पुढचा ब्रेक दाबला तरी हँडलवरून पुढे फेकले जाऊ अशी भीती वाटत नाही. मॅन्युअल (पेडल न मारता मागच्या चाकावर जाणं), बनी हॉप (सायकलसकट उडी), हवेत फिरणं, असं वाहतं काही करायचं असेल तर खालचा बीबी सोबत करतो. शहरातल्या भिंती-कट्ट्यांवर सायकल उडवणाऱ्या डॅनी मॅकअॅस्किलचा २००९ मधला एडिनबरोचा व्हिडिओ पाहून जे या खेळाकडे वळले, त्यांना बहुधा हेच हवं असतं. त्यांनी २६ इंचीच्या वादात न पडता २४ इंची स्ट्रीट ट्रायल्स सायकल बघावी, तिचा बीबी मुद्दामच खाली ठेवलेला असतो.

माझं चालवणं तसं नाही. मी इंग्लंडमध्ये शेफील्डजवळ राहतो आणि इथल्या जंगलात ग्रिटस्टोनचे, म्हणजे खरखरीत वालुकाश्माचे, दगड आहेत: कडा धारदार, माथे अरुंद. कोरडा असला की हा दगड टायरला घट्ट धरतो, पण वर्षातले बरेच महिने तो ओला असतो. इथे काम एकच. मागच्या चाकावर एका माथ्यावर उतरायचं, तिथेच थांबायचं, पेडल किक देऊन, म्हणजे पेडलला एकदम जोर देऊन झेपावत, पुढच्या माथ्यावर जायचं.

आणि इथेच जुन्या फ्रेमने मला छळलं. उतरल्यावर तिचं पुढचं चाक हळूहळू खाली यायला लागायचं. ते वर ठेवायचं तर हात सतत ओढत राहायचे, नाहीतर जागच्या जागी आणखी एक उडी मारायची. कोरड्या दगडावर ती जास्तीची उडी परवडते. ओल्यावर प्रत्येक उडीगणिक टायर कडेकडे बोटभर सरकतो, आणि एखाद्या उडीनंतर खाली दगडच नसतो. दुपार होईपर्यंत कोपराखालचे हात दगडासारखे घट्ट व्हायचे, मग ब्रेक नीट दाबला जायचा नाही, मग पाय टेकायचा. स्पर्धेत पाय टेकला की दोष, आणि पाच दोष झाले की अडथळ्यांचा तो विभाग संपला. मी जिंकायला उतरत नाही, पण जे जमतं ते केवळ हात थकल्यामुळे न जमणं मला सहन होईना.

हे का होतं ते साध्या हिशोबात दिसतं. मागच्या चाकावर उभं राहताना तुमचा भार टायर जिथे टेकतो त्या बिंदूवर यायला हवा. पाय मात्र त्या बिंदूच्या पुढे असतात, आणि ते जितके पुढे तितकं शरीर मागे झोकावं लागतं. चेनस्टे ३८० मिमी धरा आणि सायकल ४० अंशांत उभी करा. बीबी १५ मिमी वर असेल तर तो मागच्या आसापासून साधारण २८० मिमी पुढे राहतो. तोच ८० मिमी वर असेल तर २३३ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ पाच सेंटीमीटर पाय मागे आले. उलट जुन्या फ्रेमची चेनस्टे दीड सेंटीमीटर आखूड केली, तर हा फायदा सेंटीमीटरभरच मिळतो. आखूड चेनस्टेमागे लागलेल्यांना मी हे आकडे म्हणूनच सांगतो.

स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बदलून भागेल का, असं बरेच जण विचारतात. थोडं भागतं. मी जुनीवर जास्त चढाचा स्टेम लावला, तेव्हा मागच्या चाकावर जाणं हलकं झालं. पण थांबणं तितकं सुधारलं नाही, आणि दोन्ही चाकांवर असताना पुढचं टोक भरकटल्यासारखं वाटायला लागलं. पायांची जागा हातांच्या जागेने भरून निघत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

नवी फ्रेम निर्दोष नाही. पहिले काही आठवडे स्टुलावर उभं राहून चालवतोय असं वाटतं. दोन दगडांमध्ये नुसतं सायकल सरकवत जायचं असलं की ती चुळबुळ करते, आणि दगडाच्या तोंडावरून पुढचं चाक आधी खाली सोडायचं असेल तर पोटात गोळा येतो. पेडल किकला जोर जास्त झाला तर ती मागे उलटायलाही तयार असते. मागच्या ब्रेकवरचं बोट सतत जागं ठेवावं लागतं. नवशिक्याला हा त्रास नको असेल तर ८० ऐवजी ५० च्या आसपासची फ्रेमही वाईट नाही. पण माथ्यावर उतरून मी आता थांबू शकतो, पुढचा दगड नीट बघू शकतो. ते मिळाल्यावर बाकीच्या तक्रारी मला लहान वाटतात.

पुण्या-मुंबईत बहुतेकांचा सराव पायऱ्या, कट्टे आणि सपाट फरशीवर होतो. तिथे जुनी फ्रेम इतकी त्रास देणार नाही, स्वस्तात मिळाली तर जरूर घ्या. टेकडीवरच्या काळ्या दगडांवर जायचा विचार असेल, तर थोडे पैसे साठवून उंच बीबीची वाट बघा.

२० इंचीशी तुलना करताना मात्र आकडे तसेच्या तसे लावू नका. हे माप आसापासून मोजतात, आणि छोट्या चाकाचा आसच खाली असतो. २० इंचीवर ७० मिमी म्हणजे जमिनीपासून साधारण ३२ सेंटीमीटर, २६ इंचीवर तेच ४१ च्या घरात जातं.

सेकंडहँड फ्रेमचा तक्ता विक्रेत्याकडे क्वचितच असतो. त्याला चाकं लावून, हवा भरून, पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत दोरा ताणायला सांगा. दोऱ्यापासून बीबीचा मध्य किती वर आहे त्याचा पट्टी धरून काढलेला फोटो मागवा. हो-नाही करणाऱ्याकडून मी तरी फ्रेम घेणार नाही.